एंजिन-बैठक, मोटारसायकलीची

मोटारसायकलीचे एंजिन तिच्या सांगाड्यात ज्या पट्ट्या, कान, नळ्या, बोल्ट व नट यांच्या साहाय्याने पक्के धरलेले असते, त्या सर्वांना मिळून एंजिन-बैठक असे म्हणतात. कारागिरांच्या बोलीत सांगाड्याला ‘चासी’ आणि बैठकीच्या बोल्टांना ‘फाउंडेशन बोल्ट’ म्हणतात. विहिरीवरील तेल-एंजिन काँक्रीटच्या चौथऱ्यावर ज्या बोल्टांनी बसवितात त्यांचेच हे नाव मोटारसायकलीला लावले गेले, आणि ते सार्थ आहे. मात्र दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. विहिरीवरील एंजिनाचा चौथरा स्थिर असतो, तर मोटारसायकलीचा ‘चौथरा’ स्वतः धावत असतो व रस्त्याचे धक्के खात असतो. त्यामुळे एंजिनाची कंपने आणि रस्त्याचे धक्के या दोहोंचा भार एकाच बोल्टावर येतो.

जुन्या मोटारसायकलींमध्ये या बोल्टांपैकी एक-दोन बोल्ट अशा ठिकाणी असतात, की तेथे पाना पोहोचत नाही. पोहोचला तर फिरत नाही आणि फिरला तर बोल्ट बाहेर काढण्यास समोर जागा नसते. ही अडचण आराखडा करणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे उद्‌भवली, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः ती मोटारसायकलीच्या रचनेच्या इतिहासातून आणि कारखान्यातील जुळणीच्या क्रमातून निर्माण झालेली आहे. कारखान्यात मोकळ्या सांगाड्यात प्रथम एंजिन बसविले जाते, त्या वेळी सर्व बोल्ट हाताशी असतात. साखळीपेटी, धुराची नळी, पायटेकू, बॅटरी व पेट्रोलची टाकी हे भाग त्यानंतर चढविले जातात व बोल्ट त्यांच्याआड जातो. दुरुस्ती करणाऱ्यापुढे गाडी येते ती शेवटच्या अवस्थेत. हा क्रम ध्यानी घेतला, तर दडलेल्या बोल्टाचे गूढ बऱ्याच अंशी उकलते.

ऐतिहासिक विकास : गोटलीप डाइमलर व व्हिल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्यांनी १८८५ मध्ये तयार केलेल्या दुचाकीचा सांगाडा लाकडी होता व एंजिन त्याच्या मध्यभागी उभे बसविलेले होते. १८९४ मध्ये जर्मनीतील हिल्डेब्रांट व व्होल्फम्यूलर यांची गाडी विक्रीसाठी मोठ्या संख्येने तयार होणारी पहिली मोटारसायकल ठरली. यानंतरच्या काही वर्षांत अनेक उत्पादकांनी सायकलीच्या सांगाड्यावर सोयीस्कर वाटेल तेथे एंजिन लटकविले. पॅरिस येथील वेर्नर बंधूंनी १८९७ मध्ये ते पुढील चाकाच्या वर ठेवले होते. त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य उंचावे व ओल्या रस्त्यावर ती घसरे. १९०१ मध्ये त्यांनी एंजिन खाली, सायकलीचे पायडल जेथे असते त्या जागी, सांगाड्याचाच भाग म्हणून बसविले. एंजिनाची ही जागा पुढे जगभर रूढ झाली व एंजिन-बैठकीचा खरा इतिहास येथूनच सुरू होतो.

एंजिन या ठिकाणी आल्यावर दोन पक्ष संभवत होते. पहिल्या पक्षात सांगाड्याच्या नळ्या एंजिनाच्या खालून पाळण्यासारख्या जातात व एंजिन त्या पाळण्यात ठेवले जाते. या रचनेत सांगाडा स्वयंपूर्ण असून एंजिन काढले तरी त्याचा आकार टिकून राहतो. दुसऱ्या पक्षात सांगाड्याची एखादी नळी वगळून तिचे काम एंजिनाकडूनच करून घेतात. फेलन अँड मूर या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभीच सांगाड्याच्या पुढील उतरत्या नळीच्या जागी तिरपे एंजिन बसविले. व्हिन्सेंट कंपनीने १९४६ च्या रॅपिड या गाडीत हा विचार टोकाला नेला. त्या गाडीत एंजिन व दंतचक्रपेटी यांचा संयुक्त ठोकळा हाच सांगाड्याचा मुख्य भाग होता. या दुसऱ्या पक्षात एंजिन-बैठकीचा बोल्ट एंजिनाला तर धरतोच, शिवाय सांगाड्याचा सांधाही बनतो. म्हणून तो सैल झाल्यास एंजिन हलते इतकेच नव्हे, तर गाडीची पुढची व मागची चाके एका रेषेत राहत नाहीत.

दंतचक्रपेटीच्या जागेनेही बैठकीत फरक पडला. आरंभीच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत एंजिन व दंतचक्रपेटी हे वेगवेगळे घटक असून त्यांना जोडणारी प्राथमिक साखळी ताणण्यासाठी पेटी मागेपुढे सरकविण्याची सोय ठेवावी लागे. त्यामुळे बोल्टांची, पट्ट्यांची व खाचांची संख्या वाढली आणि साखळीवर तेलाची बंदिस्त पेटी आल्यामुळे त्यांतील काही कायमचे झाकले गेले. दोन्ही घटक एकाच ओतीव कवचात घालण्याची एकसंध रचना दुसऱ्या महायुद्धानंतर झपाट्याने पसरली व बैठकीचे बोल्ट संख्येने घटले.

तिसरा टप्पा कंपनांशी संबंधित आहे. एका सिलिंडराच्या एंजिनातील वरखाली होणाऱ्या दट्ट्याचे असंतुलित बल भुजादंडावरील प्रतिभाराने पूर्णतः नाहीसे करता येत नाही. प्रतिभार वाढविला, तर उभे कंपन घटते पण आडवे वाढते. मिनिटाला ३,६०० फेरे घेणारे एंजिन सेकंदाला ६० वेळा बैठकीला हिसका देते. आयर्लंडचे रेक्स मॅककँडलेस यांचा दुहेरी नळ्यांचा सांगाडा नॉर्टन कंपनीने १९५० मध्ये शर्यतीसाठी वापरला. त्याने गाडीची स्थिरता वाढली, पण कंपनांचा प्रश्न तसाच राहिला. त्याच कंपनीने १९६७ मध्ये प्रदर्शित केलेल्या कमांडो या गाडीत एंजिन, दंतचक्रपेटी व मागील चाकाची झुलती भुजा यांचा एकत्रित संच रबराच्या बैठकींवर बसविला. त्यामुळे चालकाला जाणवणारी कंपने कमी झाली, परंतु रबर व पोलाद यांमधील फट ठरावीक मर्यादेत राखणे हे दुरुस्तीचे नवे काम निर्माण झाले.

आट्यांची मानके : जुन्या मोटारसायकलीचा बोल्ट न सुटण्यामागे आट्यांचा इतिहासही असतो. जोसेफ व्हिटवर्थ या ब्रिटिश अभियंत्यांनी १८४१ मध्ये ५५° कोनाचे आटे सुचविले व ते ब्रिटनचे राष्ट्रीय मानक बनले. कंपने सोसणाऱ्या पातळ भागांसाठी ते फार भरड ठरल्याने १९०८ मध्ये त्याच कोनाचे बारीक आटे मानक म्हणून पुढे आले. सायकल-उत्पादकांनी मात्र ६०° कोनाचे, बहुतेक व्यासांना इंचाला २६ या प्रमाणातील अतिबारीक आटे स्वीकारले होते व सायकलीपासून जन्मलेल्या मोटारसायकलीकडे ते वारसाहक्काने आले. यूरोप खंडात मेट्रिक आटे होते. १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी एकत्रित इंची आटे ठरविले आणि त्यांत आणखी एकाची भर पडली.

व्यवहारात यामुळे होणारा घोटाळा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ५/१६ इंच व्यासाचा बोल्ट ७.९४ मिमी. जाड असतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांना तो ८ मिमी. बोल्टासारखाच दिसतो. परंतु इंचाला १८ आटे असल्यास दोन लगतच्या आट्यांतील अंतर १.४१ मिमी., २२ असल्यास १.१५ मिमी. व २६ असल्यास ०.९८ मिमी. भरते, तर मेट्रिक भरड बोल्टाचे हे अंतर १.२५ मिमी. असते. चुकीचा बोल्ट पहिले दोन-तीन फेरे सहज आत जातो, मग अडतो. पान्याने जोर लावला, की तो ॲल्युमिनियमच्या कवचातील आटे खरवडत आत शिरतो. त्या दिवशी काम झाल्यासारखे वाटते. पुढच्या वेळी मात्र तो बोल्ट निघत नाही, किंवा निघाला तर आटे बरोबर घेऊनच निघतो.

पान्यांच्या बाबतीतही हीच गोष्ट घडते. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा नटाच्या बाजूंमधील रुंदी दर्शवीत नाही, बोल्टाचा व्यास दर्शवितो. १/४ असा आकडा असलेल्या पान्याचे तोंड ०.५२५ इंच म्हणजे १३.३ मिमी. रुंद असते. १३ मिमी. पाना त्या नटावर चढत नाही आणि १४ मिमी. पाना सैल बसून नटाचे कोपरे गोल करतो. ३/८ च्या पान्याचे तोंड ०.७१० इंच म्हणजे जवळजवळ नेमके १८ मिमी. असल्यामुळे तेथे मेट्रिक पाना चालून जातो. कोणत्या ठिकाणी तडजोड चालते व कोठे ती घातक ठरते, हे ओळखणे हाच अनुभवी कारागिराच्या ज्ञानाचा मोठा भाग असतो.

भारतातील मोटारसायकली : मद्रास (सध्याचे चेन्नई) येथे १९५५ मध्ये एन्फील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली व रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनीची ‘बुलेट’ ही गाडी भारतात प्रथम सुटे भाग आणून व पुढे येथेच भाग घडवून तयार होऊ लागली. तिच्या ३५० वर्गातील एंजिनाच्या सिलिंडराचा व्यास ७० मिमी. व दट्ट्याचा पल्ला ९० मिमी. असून घनफळ ३४६ घ. सेंमी. आहे. लांब पल्ल्याच्या या एकसिलिंडरी एंजिनाचे हिसके मंद पण जबर असतात. या गाडीत दंतचक्रपेटी क्रँककेसच्या मागील बाजूस बोल्टांनी घट्ट जोडलेली असून दोहोंचा संच एकत्रच काढता येतो. सांगाड्याची पुढील नळी एंजिनापाशी संपते. खालून पाळण्यासारखी नळी नसते, एंजिन व त्याच्या पट्ट्याच सांगाड्याचा खालचा भाग पुरा करतात. म्हणजे बुलेट ही वर सांगितलेल्या दुसऱ्या पक्षातील गाडी होय. ब्रिटनमधील मूळ कंपनीचे उत्पादन १९७० मध्ये थांबले, परंतु भारतात ही जुनी रचना पुढे सु. चार दशके टिकली. २००८ पासून एकसंध रचनेची एंजिने आल्यानंतर ती मागे पडली. एकाच रचनेच्या या दीर्घायुष्यामुळे १९६० च्या गाडीला १९९० चा बोल्ट लावण्याचा मोह होतो. मधल्या काळात मेट्रिक भागांचा शिरकाव झालेला असल्याने तो मोह टाळणे आवश्यक असते.

म्हैसूर येथे १९६० मध्ये आयडियल जावा कंपनी सुरू झाली. तिची गाडी चेकोस्लोव्हाकियातील जावा गाडीवर आधारलेली व म्हणून मेट्रिक आट्यांची होती. ६५ मिमी. व्यास व ७५ मिमी. पल्ला असलेल्या तिच्या द्विधाव एंजिनात दंतचक्रपेटी एकाच कवचात सामावलेली होती. १९७३ पासून ही गाडी ‘येझदी’ या नावाने निघू लागली व १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत ही १७३ घ. सेंमी. गाडी पोलंडच्या एसएचएल या गाडीवरून घेतलेली होती. भारतात वजनमापांचा कायदा १९५६ मध्ये संमत होऊन त्यानंतरच्या काही वर्षांत मेट्रिक पद्धती लागू झाली. सारांश, देशाने मापन बदलले त्याच सुमारास रस्त्यावर इंची बुलेट व मेट्रिक जावा शेजारी शेजारी धावू लागल्या आणि प्रत्येक लहान कार्यशाळेला पान्यांचे दोन संच बाळगणे भाग पडले.

महाराष्ट्रात तयार झालेल्या स्कूटरींची बैठक याहून वेगळी आहे. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीची लॅम्ब्रेटा आणि पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने १९६० पासून १९७१ पर्यंत इटालियन परवान्याखाली तयार केलेली व्हेस्पा या दोहोंत एंजिन मागील चाकासह एका लांब आडव्या बोल्टाभोवती झुलते. बोल्ट व रबरी बुश यांमधील पोलादी नळी गंजून बोल्टाला चिकटली, की संपूर्ण एंजिन त्या एका बोल्टापायी अडकून पडते. दडलेल्या बोल्टाच्या प्रश्नाचे हे सर्वांत शुद्ध रूप म्हणता येईल.

दक्षिण महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : सांगली जिल्ह्यातील आटपाडी हे तालुक्याचे ठिकाण माणदेशात, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेले आहे. संस्थानी काळात आटपाडीचा भाग औंध संस्थानात होता. १९१० मध्ये याच संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या साहाय्याने लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला. तेच आजचे किर्लोस्करवाडी होय. लक्ष्मणरावांच्या उद्योगाचा आरंभ बेळगाव येथे १८८८ मध्ये सायकलींच्या विक्री-दुरुस्तीने झाला होता, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. सायकल, नांगर, पंप व तेल-एंजिन या क्रमाने या भागात नट-बोल्टांची विद्या रुजत गेली. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. आटपाडी १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात आली व १९६० मध्ये त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले.

अशा कोरडवाहू मुलखात मोटारसायकलीचे महत्त्व शहरापेक्षा निराळे असते. गावे विरळ व बाजारपेठा दूर असल्याने दूध, खते, बियाणे, पंपाचा बिघडलेला भाग किंवा आजारी माणूस यांची ने-आण तिच्यावरून होते. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर निघालेल्या कामांतून अनेक रस्ते तयार झाले, परंतु त्यांतील कित्येक दीर्घकाळ खडीचेच राहिले. खडीच्या रस्त्यावर एंजिन-बैठकीचे बोल्ट लवकर सैल होतात. कोरड्या हवेत गंज कोकणाच्या मानाने सावकाश चढतो, परंतु तेलकट आट्यांवर बारीक धूळ बसून तिचा सिमेंटसारखा थर होतो. कोकणातील बोल्ट गंजाने अडतो, माणदेशातील बोल्ट धुळीने अडतो व उपाय योजताना हा भेद पाहावा लागतो. गंजाला झिरपणारे तेल व उष्णता लागते, तर धुळीच्या थराला आधी रॉकेलने धुऊन तारेच्या ब्रशाने उघडे आटे स्वच्छ करणे पुरेसे होते. धूळ न काढता नट फिरविल्यास ती कानशीसारखे काम करते व आटे जातात.

विहिरीवरील तेल-एंजिने सांभाळणाऱ्या कारागिराला बैठकीचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चौथऱ्याचा एक बोल्ट सैल झाला, की पट्टा उतरतो व उरलेले बोल्ट एकामागून एक तुटतात, हे त्याने पाहिलेले असते. मोटारसायकलीच्या दुरुस्तीत हेच ज्ञान उपयोगी पडते. मात्र ते बहुतांशी हातातून हातात गेलेले, अलिखित ज्ञान आहे. कारखाने बंद पडल्यावर त्यांच्या माहितीपुस्तिका दुर्मिळ होतात आणि जुने कारागीर निवृत्त झाल्यावर कोणत्या गाडीचा कोणता बोल्ट कोणत्या बाजूने निघतो, ही माहितीही त्यांच्याबरोबर जाते.

बोल्ट अडण्याची कारणे : बोल्ट दोन भागांना जोडतो तो प्रामुख्याने दाबाने. नट आवळला, की बोल्ट किंचित ताणला जातो व रबरी पट्टीसारखा आखडू पाहून दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. पान्याला लावलेल्या जोरापैकी सु. नव्वद टक्के जोर नटाखालील व आट्यांतील घर्षणात खर्च होतो, फक्त सु. दहा टक्क्यांनी बोल्ट ताणला जातो. म्हणून आट्यांवर गंज किंवा धूळ असताना नट ‘घट्ट’ लागला तरी प्रत्यक्ष दाब अपुराच राहतो. दाब अपुरा असला, की पट्टी व कान एकमेकांवर घासतात, गोल भोक लंबगोल होते आणि बोल्टाला खाच पडते. खाच पडलेला बोल्ट नट काढल्यानंतरही भोकातून सरकत नाही. धातूला शीण येऊन तो चालत्या गाडीत तुटूही शकतो.

ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये पोलादी बोल्ट असेल, तर ओलाव्यामुळे दोन भिन्न धातूंमध्ये विद्युत्‌ घट तयार होतो व ॲल्युमिनियम झिजून त्याचा पांढरा, कठीण थर भोकात साचतो (⟶ गंजणे). चौथे कारण केवळ भाराचे आहे. एंजिनाचे वजन बोल्टावर टेकलेले असते तोवर तो भोकाच्या कडेला दाबलेला राहतो. गंजलेला समजून हातोड्याने बडविलेला बोल्ट पुष्कळदा केवळ वजनाखाली अडकलेला असतो.

दुरुस्तीची पद्धती : पहिले तत्त्व म्हणजे कारखान्यातील जुळणीचा क्रम उलटा करणे. पेट्रोलची टाकी, बॅटरी, धुराची नळी, पायटेकू व आवश्यक तर साखळीपेटी उतरविण्यास एक-दोन तास लागतात. हे तास वाचविण्यासाठी अर्धवट पोहोचणारा पाना लावल्यास नटाचे कोपरे जातात व एका दिवसाचे काम आठवड्यावर जाते. टाकी व बॅटरी काढणे हे पुढे ज्योत वापरायची असल्यास सुरक्षिततेसाठीही अनिवार्य आहे.

दुसरी पायरी आधाराची. क्रँककेसखाली लाकडी ठोकळा व जॅक देऊन एंजिन केसभर उचलतात. बोल्ट हाताने किंचित हलू लागला, की भार नेमका उतरला असे समजावे. बुलेटसारख्या गाडीत एंजिन हाच सांगाड्याचा भाग असल्याने सांगाड्यालाही पुढे व मागे स्वतंत्र आधार द्यावा लागतो, नाही तर शेवटचा बोल्ट निघताच गाडी मधोमध खचते.

यानंतर झिरपणारे तेल देऊन किमान एक रात्र वाट पाहतात. नट प्रथम थोडा आवळण्याच्या व मग सोडण्याच्या दिशेने आळीपाळीने हलवितात, त्यामुळे गंजाचा थर एकदम न तुटता भुगा होऊन बाहेर पडतो. अरुंद जागेसाठी रिंग पान्याची भिंत घासून पातळ करणे, पाना तापवून वाकविणे किंवा नळी पान्याला फिरता सांधा जोडणे हे उपाय कार्यशाळांत रूढ आहेत. असा घडविलेला पाना त्या गाडीच्या जातीसाठी वर्षानुवर्षे जपून ठेवतात.

ॲल्युमिनियममध्ये अडकलेल्या पोलादी बोल्टासाठी उष्णता गुणकारी ठरते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. १० मिमी. व्यासाच्या ठिकाणी तापमान १००° से. नी वाढले, तर दोहोंच्या प्रसरणांत सु. एक शतांश मिमी. फरक पडतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण गंजाचा थर फोडण्यास तो पुरतो. उष्णता बोल्टाला न देता त्याभोवतीच्या कवचाला द्यावी लागते. ज्योत एके ठिकाणी धरल्यास ओतीव भाग तडकतो वा वितळतो. सांगाड्याचे सांधे पितळाने झाळलेले असल्यास त्यांच्याजवळ तीव्र ज्योत नेणे धोक्याचे असते. जुन्या बोल्टांवर कधीकधी कॅडमियमचा मुलामा असतो. तो तापविल्यास निघणारी वाफ विषारी असल्यामुळे असे बोल्ट ज्योतीने तापवू नयेत.

नट निघाल्यावर बोल्ट ठोकून काढायचा असल्यास नट पुन्हा टोकापर्यंत चढवून पितळी दांड्याने ठोकतात, त्यामुळे टोकाचे आटे फुलत नाहीत. समोर जागा नसल्यास एंजिन इतर बोल्टांवरून मोकळे करून थोडे पुढे वा वर सरकवितात. हे करूनही बोल्ट न निघाल्यास नट छिन्नीने उभा चिरतात अथवा पट्टी व कान यांमधील फटीतून करवतीच्या पात्याने बोल्टच कापतात. बोल्ट बाजारात मिळतो, कान मिळत नाही. म्हणून त्याग करायचा तो नेहमी बोल्टाचा, सांगाड्याचा नव्हे.

पुनर्जुळणी : काढण्यापेक्षा बसविण्यात झालेल्या चुका पुढच्या पिढीला भोवतात. सर्व आटे योग्य मानकाच्या टॅप व डायने स्वच्छ करून प्रत्येक नट बोल्टावर प्रथम केवळ बोटांनी शेवटपर्यंत चढतो की नाही, हे पाहणे ही सोपी व निर्णायक कसोटी आहे. बोटांनी न चढणारा नट पान्याने चढवू नये. ॲल्युमिनियममधील गेलेल्या आट्यांच्या जागी भोक मोठे करून पोलादी तारेचे वेटोळे बसविल्यास मूळ मापाचाच बोल्ट पुन्हा वापरता येतो. लेथवर साध्या मऊ पोलादाचा बोल्ट करून घेणे स्वस्त पडते, पण तो ताण सोसत नाही. मेट्रिक बोल्टाच्या डोक्यावरील ८.८ हा आकडा सामान्यतः पुरेशा बळाचा निदर्शक समजतात.

लांब बोल्ट घालताना समोरून निमुळता दांडा घालून सर्व भोके एका रेषेत आणतात व बोल्ट त्या दांड्याला ढकलीत पुढे येतो. हात न पोहोचणाऱ्या जागी नट रिंग पान्यात कागदाच्या कपट्याने किंवा ग्रीसने चिकटवून नेतात. सर्व बोल्ट सैल अवस्थेत जागी आल्याखेरीज एकही आवळू नये. पट्टी व कान यांमध्ये फट राहिल्यास ती योग्य जाडीच्या वायसरने भरावी. नट आवळून कान ओढून घेतल्यास त्यात कायमचा ताण राहतो व कान कालांतराने तडकतो. सिलिंडराच्या डोक्याला सांगाड्याशी जोडणारी पट्टी सर्वांत शेवटी आवळतात. बोल्टाच्या आडव्या भागाला ग्रीस लावल्यास तो पुढच्या वेळी सुखाने निघतो. पहिल्या काही प्रवासांनंतर सर्व नट पुन्हा तपासणे आवश्यक असते.

जतन व कायदा : जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या, मूळ स्वरूपातील दुचाकी व चारचाकी गाड्यांना विंटेज वाहन म्हणून स्वतंत्र नोंदणीची सोय केली. सांगाडा, बाह्य कवच किंवा एंजिन यांत मोठे फेरफार झालेली गाडी या व्याख्येत बसत नाही. अशा गाडीचा नेहमीच्या वा व्यापारी वाहतुकीसाठी उपयोग करता येत नाही. यामुळे एंजिन-बैठकीच्या दुरुस्तीला नवा अर्थ आला आहे. अडलेल्या बोल्टाच्या निमित्ताने कापलेला कान, वेल्डिंगने जोडलेली पट्टी किंवा मोठे केलेले भोक यांमुळे गाडीच्या मूळ स्वरूपालाच बाध येतो व ती हानी भरून निघत नाही.

संग्राहकाइतकाच हा विचार रोजच्या वापरातील जुन्या गाडीलाही लागू पडतो. यंत्र दीर्घकाळ टिकते ते त्याचे भाग झिजत नाहीत म्हणून नव्हे, तर झिजलेला भाग काढून नवा बसविता येतो म्हणून. एकही बोल्ट कायमचा अडला, की तेथपासून पुढची दुरुस्ती खुंटते व चांगले एंजिनही भंगारात जाते. बोल्ट पुन्हा सुटेल अशा रीतीने बसविणे हे यास्तव दुरुस्तीचे अखेरचे नव्हे, तर पहिले कर्तव्य ठरते. कोणत्या बोल्टाचे आटे कोणत्या मानकाचे आहेत, तो कोणत्या बाजूने घातला आहे व त्याआधी कोणते भाग उतरवावे लागतात, एवढी नोंद प्रत्येक कार्यशाळेने लिहून ठेवली, तरी कारागिरांच्या हातात असलेली ही विद्या पुढील पिढीच्या उपयोगी पडेल.